एकटं का जायचं? खरं कारण सांगा

अबोली_मिरज

हा हंपीचा धागा नाही, आधीच सांगते. दगडी रथाचा फोटो टाकणार नाही. पन्नासच्या नव्या नोटेवर आहे, खिशातून काढून बघा.

झालं असं, की गेल्या माघात मी, माझी नणंद आणि तिची मैत्रीण अशा तिघी हंपीला जाणार होतो. हरिप्रियाची तिकिटं काढलेली. आदल्या रात्री नणंदेच्या नातवाला ताप आला, ती गळाली. तिच्यामागोमाग मैत्रीण गळाली. यजमान म्हणाले, "रद्द कर. पुढं कधीतरी सगळेच जाऊ." हे "पुढं कधीतरी सगळेच" सत्तावीस वर्षांत इतक्यांदा ऐकलंय, की तोंडातून निघूनच गेलं, "मी जाते." घरात पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग सासूबाईंनी (वय ८१) विचारलं, "डब्यात काय नेणार?"

डब्याचंच सांगते. बेळगाव मागं पडल्यावर डबा उघडला, तर आत अठरा दशम्या. वाडगाभर शेंगदाण्याची चटणी, सहा केळी आणि चार चमचे. पहाटे उठून एकटीसाठी अठरा दशम्या लाटल्या आणि लाटताना एकदाही काही चुकतंय असं वाटलं नाही. हाताला माप पाठ. समोरच्या बाकावर धारवाडला उतरणारं कुटुंब होतं, त्यांच्या पोरांनी बारा संपवल्या. चटणी बाईंनी कागदात बांधून नेली.

दुसऱ्या दिवशी होस्पेटहून हंपीची बस धरली. कर्नाटकात २०२३ पासून बायकांना सरकारी बस फुकट आहे म्हणून ऐटीत बसले. कंडक्टरनं आधार मागितलं, मिरजेचा पत्ता वाचला, हसला आणि तिकीट फाडलं. तिथल्या रहिवासी बायकांनाच फुकट. असो.

आमच्या यजमानांचा प्रवासातला एकच शब्द आहे: "चला." अजिंठ्याला "चला", बदामीला "चला", माझ्या माहेरच्या लग्नात पंगत उठायच्या आत "चला". हंपीच्या विठ्ठल मंदिरात मी बाजूच्या मंडपात सावलीला बसले. विजयनगरच्या राजानं पंढरपूरचा विठोबा इथं आणून ठेवला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास तो परत घेऊन गेले, ही कथा आपण सगळ्यांनी कीर्तनात ऐकलेली. गाभाऱ्यात मूर्ती खरंच नाही. देव नसलेल्या देवळापुढं मी पावणेदोन तास बसले. घड्याळ बघितलं म्हणून आकडा सांगतेय. कुणीही "चला" म्हणालं नाही.

परत आल्यापासून जो तो एकच विचारतोय, एकटी का गेलीस? मी सांगते, तिकीट वाया गेलं असतं म्हणून. हे खोटं आहे हे विचारणाऱ्यालाही कळतं.

तर तुमच्यापैकी जे एकटे जातात त्यांनी सांगावं, का जाता? "स्वतःचा शोध" लिहू नका, ते दिवाळी अंकांत वाचून झालंय. खरं कारण लिहा, कितीही फालतू असो.

---

खिडकी_सीट

आयडीतच कारण आहे. आम्ही तिघे भाऊ, मी मधला. रत्नागिरीच्या एसटीत थोरल्याला खिडकी, कारण तो थोरला. धाकट्याला खिडकी, कारण त्याला गाडी लागायची. मला पूर्ण प्रवासभर खिडकी पहिल्यांदा मिळाली ती बाविसाव्या वर्षी, नोकरीच्या मुलाखतीला जाताना. मुलाखतीत काय विचारलं ते आठवत नाही, वाटेतला संगमेश्वरचा पूल आठवतो.

आता खिडकी मुलीची, त्यात वाद नाही. म्हणून वर्षातून एकदा एकटा कोकण रेल्वेनं मडगावला जातो, स्टेशनाबाहेर जेवतो आणि परतीची गाडी धरतो. गोवा बघत नाही. पानवल नदीच्या पुलावरून खाली बघायचं, ६४ मीटर, की वर्षाचं काम झालं. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आला की काचेत आपलंच तोंड दिसतं. स्वतःचा शोध तेवढाच.

ताई, तुमच्या कामाची एक गोष्ट. रेल्वेत ४५ वर्षांपुढच्या बाईला लोअर बर्थचा वेगळा कोटा आहे, पण तिकिटावर एकटी किंवा फार तर दोघं असतील तरच. चौघांचं एकत्र तिकीट काढलंत की तो कोटा गेला. म्हणजे एकटीनं जाण्याचं बक्षीस रेल्वेच देते.

---

टपालपेटी

सासूबाईंच्या "डब्यात काय नेणार" ला साष्टांग दंडवत. परवानगी द्यायची इतकी सुबक पद्धत पाहिली नव्हती.

---

काडेपेटी

करमणूक झाली, पण एक विचारतो, राग मानू नका.

माझा बाप तीस वर्षं एकटा फिरला. औषधं विकायचा. सोमवारी पहाटे बॅग उचलायची, लातूर, नांदेड, परभणी, शनिवारी रात्री घरी. त्याला कुणी धागा काढून "का जाता" विचारलं नाही. घरी आला की रविवारी त्याला दारापर्यंतही जायचं नसायचं. आम्हा भावंडांची एकही सहल झाली नाही, कारण बापाची सुट्टी म्हणजे घरी पडून राहणं. मे महिन्यात वर्गातली पोरं महाबळेश्वर सांगायची, मी बापाच्या बॅगेतली रिकामी सॅम्पलं सांगायचो.

पोटासाठी एकटं फिरणाऱ्याला कारण लागत नाही. ज्याचं भागलंय त्याला लागतं. हे सगळं हौस या एका शब्दात बसतं, मग तसंच म्हणा की.

---

टपालपेटी

काडेपेटी, पोटासाठी फिरणं कमी प्रतीचं आहे असं कुणी म्हटलं? मराठीतला सगळ्यात गाजलेला प्रवासी पोटासाठीच निघाला होता. वरसईचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, म्हणून १८५७ साली चुलत्यांबरोबर उत्तरेला निघाले आणि नेमके बंडात सापडले. जे मिळालं ते वाटेत लुटलं गेलं. शेवटी गंगेची कावड खांद्यावर घेऊन आले आणि त्या पाण्यानं आईवडिलांना स्नान घातलं. कर्जासाठी गेले आणि पाणी घेऊन आले. आता त्यांचं खरं कारण कुठलं, सांगा.

---

फेरीबोट

टपालपेटींनी विषय काढलाच आहे तर आमच्या गोव्यातलं एक उदाहरण. सांकवाळचे धर्मानंद कोसंबी. १८९९ च्या अखेरीस घर सोडलं, कारण बुद्धाविषयी कुठंतरी वाचलं होतं आणि ते मुळातून शिकायचं होतं. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, पुढं सिलोन, ब्रह्मदेश. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. थोर माणूस, शंका नाही.

पण त्याच वेळी सांकवाळला बायको होती आणि तान्ही मुलगी होती. शाळेत हा धडा आम्हाला शिकवला तेव्हा एका मुलीनं विचारलं, "आणि बाय कशी राहिली?" मास्तरांनी पान उलटलं. मी आज साठीला आलोय, ते उलटलेलं पान अजून डोक्यातून जात नाही.

माझं स्वतःचं? मी लांब जातच नाही. संध्याकाळी रायबंदरहून फेरीबोटीत बसतो, पलीकडे चोडणला उतरत नाही, त्याच बोटीनं परत. बोटवाला ओळखतो. घरी सांगतो मासळी बघायला गेलो होतो. मासळी आणत नाही हे बायकोला वीस वर्षांपासून दिसतंय.

---

खिडकी_सीट

फेरीबोट, तुम्ही मी आणि मडगाव यांची छोटी आवृत्ती आहात. हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

---

सह्यभटका

मी थोडं कडू बोलणार आहे. एकट्यानं जाण्याच्या प्रेमात पडून लोक एकटे गडावर जायला लागलेत, ते थांबवा. ट्रेन, बस, लॉज ठीक. सह्याद्रीत एकटं जायचं नाही म्हणजे नाही. मी वीस वर्षं चढतोय, दोनदा एकटा गेलो आणि दुसऱ्यांदा पाय मुरगळून घळीत साडेचार तास बसलो होतो. पावसाळा, धुकं, हाकेच्या अंतरावर वाट आणि ती दिसत नाही. मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे ११२ लावणार कशावरून? एक गुराखी म्हशी शोधत आला म्हणून आज हे टंकतोय. म्हैस त्याला सापडली नाही, मी सापडलो, त्यामुळे तो नाराजच होता.

तरीही जायचंच असेल तर खालच्या गावात एका घरी सांगून जा, कुठल्या वाटेनं वर, कधीपर्यंत खाली. आणि खाली आल्यावर त्याच घरी आठवणीनं सांगा. लोक पहिलं करतात, दुसरं विसरतात, आणि गावकरी रात्री बॅटऱ्या घेऊन शोधत बसतात.

मी एकटा का गेलो होतो? ग्रुपमध्ये भांडण झालं होतं. इतकंच.

---

आण्णा_कराड

नमस्कार. मी इथे नेहमी वाचतो, लिहायची सवय नाही. नातीने टायपिंग शिकवले. चुका पदरात घ्याव्यात.

माझे वय ७६. दोन वर्षांपूर्वी, शासनाने पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत केली आहे हे कळले. त्यात पंचाहत्तरी नुकतीच येत होती. आधार कार्ड दाखवायचे, कंडक्टर शून्य रुपयांचे तिकीट देतो. मी आठवड्यातून दोन दिवस कराडहून चिपळूणला जातो. सकाळची गाडी. पाटण, कोयनानगर, हेळवाक, मग कुंभार्ली घाट. चिपळूणला स्टँडवर एक चहा, एक भजी प्लेट आणि परतीची गाडी. संध्याकाळपर्यंत घरी.

लोकांना वाटते आण्णा हौशी आहे. कारण वेगळे आहे. आमची सूनबाई घरून काम करते. दोन खोल्यांचे घर. तिच्या मीटिंगा हॉलमध्ये चालतात. मी समोर असलो की ती आवाज बारीक करून बोलते. साहेब तिला ओरडला तर माझ्यासमोर मान खाली घालते. एकदा मी आत पाणी प्यायला गेलो तेव्हा तिने लॅपटॉप बंद करून डोळे पुसले आणि मला विचारले, "आण्णा, चहा टाकू?" त्या दिवशी ठरवले, मंगळवार आणि गुरुवार तिचे घर तिला द्यायचे. तिला हे सांगितलेले नाही. मला फिरायची आवड आहे असेच सांगितले आहे. तिने मला पाठीवरची सॅक घेऊन दिली.

आता खरेच आवड लागली आहे. कोयनानगर आले की मी डाव्या-उजव्या बाजूला बघत बसतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मी अठरा वर्षांचा होतो, पाटण तालुक्यातल्या गावी. सगळे घर अंगणात, वर कौले नाहीत, आणि माझी आजी तुळशीवृंदावनाला धरून उभी. कंडक्टरला हे तीन वेळा सांगितले. चौथ्या वेळी त्याने पुढच्या सीटवरच्या मुलीला सांगितले, "आण्णांना भूकंपाचं विचारा, चांगलं सांगतात."

---

टपालपेटी

आण्णा, चुका कसल्या. लिहीत राहा.

---

नेकारकाठची

आण्णांचं वाचून ऑफिसच्या स्वच्छतागृहात जाऊन आले. आमच्या घरी कुणी मंगळवार-गुरुवार देणारं नव्हतं.

मी श्टुटगार्टला असते, तिसरं वर्ष. इथे रविवारी दुकानं बंद. रस्त्यावर चर्चची घंटा आणि मी. उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे असतो, त्यामुळे इथे संध्याकाळचे सात वाजले की आई झोपलेली असते, मैत्रिणी झोपलेल्या असतात, आणि बाहेर मात्र दहापर्यंत उजेड. तो उजेड मला खायला उठायचा.

मे २०२३ मध्ये इथे ४९ युरोचं महिन्याचं तिकीट सुरू झालं (आता महागलंय), देशभर कुठेही जा, फक्त जलद गाड्या चालत नाहीत. मी रविवारी लोकल गाडीत बसायला लागले. उल्ममार्गे बोडनसे तलावापर्यंत जायचं, बदकांना बघायचं, परत. पहिल्यांदा वाटलं मी निसर्ग बघायला जातेय. मग लक्षात आलं, की गाडीत सगळेच एकटे बसलेले असतात. कानात काहीतरी घातलेलं, मांडीवर पिशवी. त्यात मी एकटी दिसत नाही. खोलीत दिसते.

---

रेवातीर

माझं कपड्यांचं दुकान होतं, तालुक्याच्या गावी, वडिलांपासूनचं. टाळेबंदीत गेलं. गेलं म्हणजे शटर ओढलं आणि पुन्हा उघडलं नाही. गावात हजार लोक ओळखीचे, आणि हजारांचा एकच प्रश्न: "मग आता काय करणार?" प्रेमानंच विचारायचे. न्हाव्याकडे जायचं बंद केलं, दाढी वाढली, तर प्रश्न आला, "दाढी का वाढवली? मग आता काय करणार?"

२०२१ च्या कार्तिकात ओंकारेश्वरहून नर्मदेची पायी परिक्रमा उचलली. चातुर्मासात परिक्रमावासी चालत नाहीत, त्यामुळे कार्तिकातच सगळे निघतात. शास्त्राप्रमाणे तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस लागतात, पण आजकाल बहुतेकजण पाच-सहा महिन्यांत पुरी करतात. मला साडेपाच लागले. नदी १३१२ किलोमीटर, दोन्ही काठ चालायचे आणि पात्र कुठंही ओलांडायचं नाही.

तिथं कुणी नाव विचारत नाही. पुरुष म्हटलं की "बाबाजी", बाई म्हटलं की "माताराम". लांबून "नर्मदे हर" अशी हाक येते, आपणही तसंच ओरडायचं, की समोरच्या झोपडीत चहा ठेवतात. ज्याच्या घरी चार भांडी आहेत तो त्यातल्या तीनात आपल्याला वाढतो. विचारतात ते एवढंच, "परिक्रमा कहाँ से उठाई?" ह्याचं उत्तर मला येत होतं. साडेपाच महिने मला ज्या प्रश्नाचं उत्तर येतं तोच प्रश्न लोक विचारत होते. यासाठी मी पुन्हा जाईन.

भक्तीनं गेलो होतो का? नाही. आता विचाराल तर सांगता येत नाही.

(आता किराणा मालाची एजन्सी आहे. कुणी विचारायच्या आधी लिहून टाकतो.)

---

सह्यभटका

रेवातीर, शूलपाणीच्या झाडीतून, म्हणजे त्या काठच्या जंगलातून, एकटे गेलात?

---

रेवातीर

निघालो एकटा, पण तिथं कुणी एकटं राहतच नाही. वाटेत माणसं जोडली जातात आणि सुटतात. झाडीतून आम्ही सहा जण होतो, त्यातल्या एका माताराम सत्तरीच्या, सगळ्यांत पुढं.

---

काडेपेटी

मंडळी, तुम्ही सगळ्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंत, मान्य. पण धागाकर्तीनं स्वतःचं कारण दिलेलं नाही. "तिकीट वाया" खोटं आहे असं स्वतःच म्हणाली. दुसऱ्याचं काढून घ्यायचं आणि स्वतःचं पदराखाली, हे बरं नव्हे.

---

अबोली_मिरज

बरोबर पकडलंत. लिहिते.

माझे सासरे शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होते. रात्री दर दोन तासांनी कूस बदलावी लागायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. दिवसा बाई यायची, रात्री मी. घड्याळ लावायची गरज नव्हती, खोकला ऐकू आला की पाय आपोआप जमिनीवर. ते गेले त्याला आता दीड वर्ष झालं. माझी झोप परत आली नाही. यजमान खोकले तरी उठून बसते. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू खोकले तरी उठते. डॉक्टरांनी गोळी दिली, ती घेऊनही दोन वाजता, चार वाजता डोळे टक्क.

होस्पेटला रात्री उतरले तर ठरवलेल्या लॉजचा मॅनेजर खोली देईना. "एकट्याच? सोबत कोण नाही?" पुरुषांनाही असंच विचारतात म्हणे, एकटं माणूस खोली घेऊन जिवाचं काही बरंवाईट करेल ही भीती. मिरजेची असल्यामुळे मला मोडकं कन्नड येतं, त्यात भांडले. शेवटी यजमानांचा नंबर घेतला, त्यांना फोन लावून खात्री केली आणि मग किल्ली दिली. तिसऱ्या मजल्यावर, जिन्यालगतची खोली. भिंती पातळ. पलीकडे कुणीतरी रात्रभर खोकत होतं, चांगला दम्याचा खोकला. मी ऐकला आणि कूस बदलली. तिथला कुठलाच खोकला माझा नव्हता.

सकाळी दारावर धडाधड थापा. उघडलं तर मॅनेजर, वेटर आणि झाडूवाली, तिघांचे चेहरे पांढरे. साडेनऊ वाजले होते. मी अकरा तास झोपले होते आणि त्यांना वाटलं, झालं. मॅनेजरनं कपाळाला हात लावून विचारलं, "ऊटा आयता अम्मा?" सकाळी साडेनऊला जेवण झालं का विचारतोय बिचारा, काय बोलावं ते न सुचून.

तर मी हंपीला झोपायला गेले होते. देऊळ वगैरे दुसऱ्या दिवशीचं. हे नणंदेला कसं सांगायचं? तिला वाटेल बापाच्या आजारपणाचं बिल लावतेय.

---

ओवीताई

अबोलीताई, तुम्ही ज्याच्या रिकाम्या गाभाऱ्यापुढे बसलात, त्याच्या घरातलीच गोष्ट आहे. राधेला कृष्णाशेजारी बघून रुक्मिणी रुसली आणि द्वारकेहून एकटी निघून दिंडीरवनात येऊन बसली. तिला शोधत देव आला, म्हणून पंढरपूर झालं. अजूनही तिचं देऊळ वेगळं आहे. वारीचं मूळ एका बाईनं कुणाला न विचारता एकटीनं केलेल्या प्रवासात आहे. तिला कुणी विचारलं नसेल, डब्यात काय नेणार.

---

काडेपेटी

काल रात्री बापाला फोन केला. ८२ वर्षांचा आहे, गावी असतो. सरळ विचारलं, "तीस वर्षं एकटा फिरलास, कंटाळा यायचा का?" म्हणाला, "कंटाळा कसला. लातूरला लॉजवर गुरुवारी रात्री रेडिओ लावायचो. छातीवर ठेवून. घरी तुम्ही पोरं क्रिकेटशिवाय काही लावू द्यायचा नाहीत."

सॉक्स धुऊन पंख्याखाली वाळत घालायचे आणि रेडिओ ऐकायचा, असं पाच मिनिटं सांगत होता. हसत होता. मी हे कधी विचारलंच नव्हतं.

मी हौस शब्द मागे घेतो. सहल न झाल्याचा राग मात्र ठेवतो.

---

फेरीबोट

ठेवा, ठेवा. तो तुमचा.

---

अबोली_मिरज

उशीर झाला, माफ करा. मधे घरात जे घडलं ते सांगते.

हा धागा मी रोज रात्री सासूबाईंना वाचून दाखवते. आण्णांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला. "शून्य रुपयांचे तिकीट" पाशी थांबवून विचारलं, "मलापण?" म्हटलं, हो, पंचाहत्तरीपुढं सगळ्यांना. माझं झोपेचं गाळणार होते, पण काडेपेटींचा प्रश्न वाचून झाला होता, मग सुटका नव्हती. वाचलं. त्या बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "मी पण जागीच असायचे. तू उठलीस की मी डोळे मिटून पडायचे. दोघी उठून काय करायचं?"

दोन वर्षं एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे आम्ही दोघी जाग्या होतो.

सोमवारी त्यांनी जाहीर केलं, "मला कुरुंदवाडला जायचंय." कुरुंदवाड त्यांचं माहेर. तिथं आता कुणी नाही, वाडा विकून पंधरा वर्षं झाली. मी म्हटलं, जाऊ की, रविवारी गाडी काढू, सगळेच जाऊ.

ऐकलंत ना? सगळेच. माझ्याच तोंडून.

"सगळे नकोत," म्हणाल्या. "एसटीनं जाते. एकटी." आणि मी, हा धागा काढणारी मी, पटकन विचारून बसले, "एकटं कशाला?" त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "तुला कशाला सांगू?"

काल सकाळी मिरज स्टँडवर पोचवलं. पिशवीत दोन दशम्या, मोजून. पाण्याची बाटली, आधार कार्ड, बटणांचा मोबाईल. खिडकी मिळाली. मला म्हणाल्या, "नीघ तू आता." मी खाली उतरले आणि गुपचूप पुढं जाऊन कंडक्टरला सांगितलं, आजींना नीट उतरवा, स्टँडवर रिक्षा करून द्या, परतीच्या गाडीतही कुणाला तरी सांगा. कंडक्टर भला माणूस. गाडी सुटायच्या आत भरल्या गाडीत मोठ्यांदा म्हणाला, "आजी, काळजी नको, सूनबाईंनी सगळं सांगितलंय!"

दुपारी दीडला यायच्या त्या साडेचारला आल्या. हातात कवठाची बर्फी, म्हणजे नरसोबाच्या वाडीलाही जाऊन आल्या होत्या, जे ठरलेलं नव्हतं. कुठं बसल्या, काय खाल्लं, घाटावर गेल्या का, काहीही सांगत नाहीत. बर्फी यजमानांना दिली, लेकीला दिली, वरच्या भाडेकरूंच्या पोराला बोलावून दिली. मी म्हटलं, "आणि माझी?"

म्हणाल्या, "तुझी कंडक्टरकडं दिलीय."